धुतलेली भांडी धुणारं मशीन

इंगळेकाकू साबण धुऊन वापरत. नवी वडी कागदातून काढली की ती आधी नळाखाली धरायची, चांगली चोळायची आणि मगच तिनं हात धुवायचे. "दुकानात कोनाकोनाचे हात लागले असतील वो त्याले," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा विचारलं, "पण काकू, साबण धुता कशानं?" त्या विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी येऊन सांगून गेल्या, "जुन्या साबनानं."

हे ऐंशीच्या दशकातलं. जयपूरचं मानसरोवर तेव्हा नुकतं वसत होतं. चहूकडे बांधकामं आणि दिवसभर उडणारी वाळू. आम्ही लष्करी बदलीनं आलेलो, क्वार्टर मिळेपर्यंत भाड्यानं राहणारे. इंगळेकाका रेल्वेतले निवृत्त गार्ड. मूळचे अकोल्याकडचे, पण नोकरी सगळी इकडे झाली म्हणून इथंच घर बांधलेले. आमच्या रांगेत मराठी घरं ही दोनच.

काकू दाराची कडी धुवत, कुलूप धुवत, वाण्यानं दिलेली सुटी नाणी धुऊन खिडकीत वाळवत. भाजीवाला म्हणे, "माताजी, आलू घिस जाएगा!" काका अंगणात खुर्ची टाकून हे बघत बसत. "आता मीच तेवढा दोरीवर वाळत घालायचा राह्यलो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

या घरात जर्मनीहून भांडी धुण्याचं मशीन आलं.

त्यांचा मुलगा प्रकाश तिकडे नोकरीला होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि आईवडिलांना नंतर कळवलं. काकू रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. मात्र फोनवर सुनेचा आवाज आला की त्या रिसीव्हर काकांच्या हातात देत. सुनेचं नाव उर्सुला. काकू म्हणत उर्मिला. त्याच उर्मिलानं, सासूचे हात पाण्यानं फुटतात हे नवऱ्याकडून ऐकलं आणि ओळखीचं एक कुटुंब कायमचं भारतात परतत होतं त्यांच्या सामानातून हे मशीन पाठवलं.

काकूंनी ते आधी बाहेरून धुतलं. मग आतून.

आणि पहिल्या दिवसापासून मशीन गळायला लागलं. दाराच्या खालून पाणी येई ते थेट पाटांखाली. काकांनी पाइप आवळले, फडकी बांधली. काही उपयोग नाही. तशात बातमी आली की प्रकाश आणि उर्सुला हिवाळ्यात येताहेत. सून पहिल्यांदाच येणार होती.

काकू माझ्याकडे आल्या. उभ्याच राहिल्या. "सुधा, तू हिशेबी बाई हायेस. काहीतरी कर. ते पोरगी येईन आन् मशीन बंद पाहीन. तिले वाटंन, सासूनं मुद्दाम कोपऱ्यात टाकलं. मंग काय सांगू मी तिले? मले तिची बोलीबी येत नाही."

मला अशी कामं आवडतात. कागदावर क्रम लावला आणि एकेक गोष्ट तपासून खोडत गेले. पाणी आत येणारा पाइप कोरडा. बाहेर जाणारा पाइप कोरडा. दाराचं रबर स्वच्छ, कुठं चीर नाही. मशीन जमिनीवर सपाट आहे का ते काकांनी वाटीत पाणी ठेवून पाहिलं. सपाट होतं. मग मशीन रिकामंच चालवलं. एक थेंब सांडला नाही.

"घ्या," काका म्हणाले. "रिकामी गाडी बराबर चालते. पॅसेंजर बसले की गळते."

म्हणजे घोळ पॅसेंजरांचा होता. भांडी लावण्याचं काम काकू एकट्या करत आणि त्या वेळी कोणाला स्वयंपाकघरात येऊ देत नसत. मी दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्याबरोबर मागच्या दारानं गेले. काकू मोरीपाशी बसल्या होत्या. पुढ्यात ताटं, वाट्या, पातेली, आणि सगळ्यांवर पांढराशुभ्र फेस. भांडी घासून झाली होती. आता ती तशीच, साबणासकट, मशीनमध्ये चालली होती.

"काकू! हे काय?"

"काय म्हंजे? भांडे घासले."

"मग मशीन कशाला आहे?"

"इसळाले," काकू शांतपणे म्हणाल्या. "नळाले पानी कुठं हाय एवढं?"

तेवढा फेस आत घुसळल्यावर तो दारातून बाहेर येणार नाही तर काय करणार! काका मागं येऊन उभे होते. ते हसता हसता खालीच बसले. "धुतलेले भांडे धुवाले जर्मनीहून मशीन आनलं वो आपन!"

काकू हसल्या नाहीत. मी म्हटलं, "ताटातलं उरलंसुरलं काढून टाका आणि भांडी तशीच आत ठेवा. साबण अजिबात नको. त्याची वेगळी पूड डब्यात आहेच."

"तशेच? खरकटे?"

"त्याच्यासाठीच तर पाठवलंय तिनं."

त्या बराच वेळ हातातल्या वाटीवरचा फेस बोटानं निपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "परक्याची पोर हाय ते, सुधा. तिच्या वस्तूत आपलं खरकटं कसं ठेवाचं? घरच्या मानसाचं येगळं असते."

पण त्या दिवसापासून त्यांनी ठेवलं. मान दुसरीकडे वळवून ठेवलं, पण ठेवलं. गळती थांबली.

हिवाळ्यात दोघं आली. उर्सुला उंच, हसरी, आणि थोडी घाबरलेली. पहिल्या जेवणाला काकूंनी मलाही बोलावलं होतं. पातोडीचा रस्सा होता. उर्सुलाचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं दोनदा मागून घेतला. काकूंनी तिच्या ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे मात्र नाही.

जेवणं झाली. उर्सुला उठली आणि ताटं गोळा करू लागली. प्रकाशचं घेतलं, काकांचं, माझं. मग काकूंपुढे वाकली. काकूंनी ताटाची कड घट्ट धरली.

"राहू दे. उष्टं हाय ते."

प्रकाश जर्मनमध्ये काही सांगायला लागला. उर्सुलानं त्याला हातानं थांबवलं. दुसरा हात तिनं ताटाला तसाच लावून ठेवला होता. "आई," ती म्हणाली. तिला मराठीतला तेवढाच शब्द येत असावा.

काकूंनी पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. मग बोटं सैल केली.

"घे माय."

वऱ्हाडात लेकीला अशी हाक मारतात. उर्सुलानं अर्थासाठी प्रकाशकडे पाहिलं. तो उठून मशीनचं दार उघडायला गेला.