रक्तातले दप्तर

"तू आत यायचं नाहीस," ताईने दाराच्या फटीतून सांगितले आणि फट मिटली.

बाहेर उभा असलेला अभिलेखपाल चौतीस वर्षे कागदांच्या सहवासात जगला होता. लाखो अनोळखी माणसांचे जन्म आणि मृत्यू त्याने वाळवीच्या तोंडातून वाचवले होते. आज मात्र स्वतःच्याच घरात, अकरा दिवसांच्या नातीला एकदा मांडीवर घेण्यासाठी, त्याच्याकडे पुरावा मागितला जात होता.

कारण साधे होते. शेजारची मुलगी गणित विचारायला आली, त्याच्या आणि ताईच्या मधोमध तासभर बसली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या अंगावर कांजिण्या फुलल्या. सुनेला लहानपणी दोनदा लस टोचलेली, तिची चिंता नव्हती. थोरल्यांपैकी मात्र ज्याला पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या, त्यानेच बाळाजवळ जायचे, असे ठरले.

"मला झाल्यात!" तो दारावर कडाडला. "कपाळावरचे व्रण काय हौसेनं काढून घेतलेत?"

"ते पेरूवरून पडलास तेव्हाचे. कांजिण्या मला आल्या होत्या. तुला मामाकडे धाडलं होतं."

"मामाकडे तू गेली होतीस!"

"बाबा, हळू," आतून सून म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

मग तो कुजबुजत संतापला. आणि कुजबुजत संतापण्याइतकी मानहानी दुसरी नसते. त्याने मामेबहिणीला फोन लावला. ती ऐंशीची. "तुम्ही दोघंही आला नव्हतात," ती ठामपणे म्हणाली. "तुमचं कुत्रं आलं होतं." त्याने रीतसर अर्ज लिहून दाराखालून सरकवला. तो पाच मिनिटांत परत आला. समासात ताईचा शेरा होता : 'पुरावा जोडलेला नाही.' ज्या वाक्याने त्याने हयातभर लोकांना परत पाठवले, तेच वाक्य!

चौथ्या दिवशी बाळाला तपासायला आलेल्या डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवले.

"भांडू नका, रक्त द्या. रोग पहिल्यांदा भेटला की शरीर गोंधळतं. प्रतिपिंडं बनवायला त्याला आठ-दहा दिवस लागतात, आणि तीही थोडी, कच्ची. पण तोच रोग पुन्हा आला, की आठवण ठेवणाऱ्या पेशी खडबडून उठतात. मग प्रतिपिंडं झपाट्यानं वाढतात. भरपूर आणि पक्की. आज चौथा दिवस. ज्याची पहिलीच गाठ असेल, त्याचं रक्त अजून कोरं सापडेल."

"म्हणजे रक्तात दप्तर असतं?" अभिलेखपाल भारावून म्हणाला.

"असतं. आणि त्याला वाळवी लागत नाही."

"माझं कशाला घेताय?" ताई उसळली. "मला झाल्यात म्हणतेय ना!"

"मग घाबरतेस कशाला?" म्हणत त्याने बाही वर केली.

दुसऱ्या दिवशी अहवाल आले. त्याच्या रक्तात पक्की प्रतिपिंडे ओसंडत होती. ताईचे रक्त कोरे होते. अहवाल त्याने निकालपत्रासारखा दोनदा मोठ्याने वाचला. डॉक्टरबाईंनी फोनवर स्पष्ट केले : लागण झाली असली तरी ती आठ-दहा दिवसांनीच पसरू लागते, म्हणून ताईंकडून अजून बाळाला धोका पोहोचलेला नाही, पण आजपासून त्या खोलीबाहेर.

ताई बाहेर गेली. तो आत शिरला. सुनेने नात मांडीवर ठेवली : ऊबदार, दुधाळ वासाची, मूठ घट्ट मिटलेली. चार दिवस घासूनपुसून धारदार केलेले वाक्य आता दारापलीकडे फेकायचे, एवढेच उरले होते.

"अरे," पलीकडून ताईचा आवाज आला. नेहमीचा नव्हता. "मग आई आठ दिवस उशाशी बसून होती, ती कुणाच्या?"

त्याने नातीचे दुपटे सारखे केले.

"मला तिचा हात आठवतो रे. ओलं फडकं आठवतं. रात्रभर गुणगुणायची, तेही." मग ती हळूच म्हणाली, "दारातून पाहिलं असणार मी."

त्याचे वाक्य ओठांवरच विरले. जिंकलेला कागद त्याने घडी करून गादीखाली सारला.

"ताई, त्या लॅबवाल्यांवर काय विश्वास ठेवायचा?" तो चिडून म्हणाला, जणू अन्याय त्याच्यावरच झाला होता. "नळ्यांची अदलाबदल केली असेल गाढवांनी! चौतीस वर्षं बघतोय मी, कागद सर्रास खोटं बोलतात."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज झाला.

"मग उघड की दार!"

"ते नाही जमायचं," तो म्हणाला, आणि नात सांभाळत त्याने आतून कडी घातली.