निळ्या गोटीचा कागद

१९५८ च्या जूनमध्ये, शाळा उघडली त्या सकाळी, भिकूआबा कचेरीत आले आणि राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात शाळेने घेतलेल्या एका गोटीबद्दल लेखी कागद मागू लागले. मी तिथे कारकून होतो. ही मागणी ते दर जूनला करीत. वय सत्तरीपुढे.

"गोटी नको. कागद होयो," ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "राणीच्या राज्यातला म्हणान न्याव मरता काय?"

गोटी सोड्याच्या बाटलीतली, शेजारच्या बाबलची. एका दिवसापुरती त्याने भिकूला दिलेली. पाढे म्हणताना ती खिशातून घरंगळली आणि मास्तरांनी घेतली. बाबल त्या दिवशी तापाने घरी होता. गोटी मास्तरांनी घेतली, हे त्याला पटले नाही. "माका चोर म्हटल्यान!" साठ वर्षांनंतरही हे सांगताना आबांचा आवाज चढे.

दोघांच्या घरांमागच्या परड्यांमध्ये एकच दगडी गडगा, कुंपणाची भिंत. बोलणे बंद, पण निरोप चालत. बाबलचे वासरू इकडे आले की आबा कोंबडीला सांगत, "कोणाचो तरी पाडो आमच्या परड्यात शिरलो गो!" पलीकडून बाबल आपल्या कुत्र्याला विचारी, "चोराच्या परड्यात पाड्याक काय गावतला रे?"

हेडमास्तर कंटाळले होते. त्यांनी मला कागद लिहायला सांगितला, सही करून शिक्का मारला. आबांनी तो हातात घेतला.

"जुन्या बुकात बघलंस रे?"

"नाही, आबा."

"मगे ह्यो कागद खोटो. खोट्या कागदान मी खरो कसो ठरतलंय?" त्यांनी तो फाडला आणि ते तडक निघून गेले.

दिवाळीच्या सुट्टीत जुन्या कपाटाला वाळवी लागली. दप्तर उन्हात घालताना एक मोडी वही हाती आली. मोडी मला वाचता येत होती. भिकूच्या नावापुढे लिहिले होते: निळी गोटी जप्त, छड्या चार.

मी नक्कल करून आबांकडे नेली. त्यांनी ती ऐकली आणि मला गडग्यापाशी नेले. मी मोठ्याने वाचले. बाबल पलीकडे उभा होता. त्याने कुत्र्याकडे पाहिले नाही.

"चार छड्यो खाल्लंस? माका कित्याक नाय सांगलंस?"

"सांगाक लाज वाटली," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाताना मी पाहिले. गडग्याचे दगड, एक माणूस जाईल एवढे, काढलेले होते.