शपथ चालू किंवा कसे

चिंधूकाका नाकेदार आमच्या कचेरीच्या खिडकीशी आले की आधी विचारायचे, "भाऊसाहेब, जेवलात किंवा कसे?" मी हो म्हटलं की मग, "बाहेर ऊन आहे किंवा कसे?" स्वतः घामाघूम होऊन उन्हातूनच आलेले असायचे, तरी विचारायचे. त्यांचा जन्म जव्हार संस्थानच्या जंगलखात्यात गेला होता, मोखाड्याच्या रस्त्यावरच्या नाक्यावर लाकडाच्या गाड्या तपासण्यात. वरून येणारं प्रत्येक पत्र 'किंवा कसे, ते कळवावे' असं संपायचं, आणि ते काकांच्या जिभेवर कायमचं बसलं. खोडाळ्याला दिलेली मुलगी बाळंत झाली तेव्हा त्यांनी निरोप धाडला होता म्हणे, 'मुलगा किंवा कसे'. मुलगी झाली होती. तिकडून उलट निरोप आला, 'कसे'.

मी तेव्हा ठाण्याहून आलेला नवा कारकून. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, आणि त्यात काय गेलं नि काय राहिलं हे कचेरीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. शिक्के बदलले होते, फॉर्म तेच होते. जुन्या फॉर्मवर नवा शिक्का चालतो का, यावर आमच्या अव्वल कारकुनांचं मत सकाळी एक आणि जेवणानंतर दुसरं. लोक विचारायला आले की मी चेहरा गंभीर करून "वरून कळेल" म्हणायचो. मला स्वतःला काही कळत नव्हतं, हे लोकांना कळू नये एवढीच धडपड.

अशात काकांचा अर्ज आला. 'अर्जदाराने संस्थानच्या अमलात पत्ते न खेळण्याची शपथ घेतली आहे. संस्थान विलीन झाले. सबब सदर शपथ मुंबई सरकारकडे वर्ग झाली किंवा कसे, ते कळवावे.'

मी तो तीनदा वाचला. अव्वल कारकुनांनी दोनदा वाचला आणि हे कुठल्या खात्याकडे जाणार, असं मलाच विचारलं. दारूबंदीचं खातं होतं, पत्तेबंदीचं कुठून आणायचं? अर्ज 'चौकशीवर' असा शेरा घेऊन कपाटात गेला. काका मात्र दर बाजारच्या दिवशी त्याची खबर घ्यायला येत, 'चौकशीवर आहे' असं ऐकून मान डोलवत, आणि बाजार उठेपर्यंत ओसरीवरच्या बाकावर बसून राहत. मला वाटायचं, रिकामा माणूस, वेळ जात नसेल.

शपथेची हकिकत त्यांनीच एकदा सांगितली. नाक्यावर असताना त्यांना तीन पानीचा नाद लागला. बाजार भरला की सुपारीवाल्याच्या दुकानामागे बैठक बसायची, आणि हे नाका सोडून तिथे. एकदा ऐन आवणीच्या तोंडावर बैल हरले. बायकोने त्या वर्षी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पाय धरून भात लावलं. काका तिच्या गळ्याची आण घ्यायला लागले, तर ती म्हणाली, "तुझा शबूद वाऱ्याचा. कागद सरकारचा." कोंबड्या विकून तिने संस्थानचा स्टॅम्प आणवला, त्यावर शपथ लिहवून घेतली, आणि साक्षीदार म्हणून खाली स्वतःचा अंगठा उठवला. तेव्हापासून पत्त्याला हात नाही. पुढे तिनेच काडीकाडी करून नवी जोडी घेतली. आता ती नव्हती, जोडी होती.

हे ऐकून मी हसलो होतो. बायकोपुढे स्टॅम्पावर सही करणारा नवरा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग एका बाजारच्या दिवशी तो सुपारीवाला खिडकीशी आला. संस्थानचे स्टॅम्प अजून चालतात का, एवढंच त्याने विचारलं. इतक्या दिवसांत मला पक्कं उत्तर येत असलेला हा पहिलाच प्रश्न. मी ऐटीत सांगितलं, "नाही. ते आता रद्द." तो खूश होऊन गेला. मीही खूश झालो.

थोड्या वेळाने काका आले. जेवलात विचारलं नाही, ऊन विचारलं नाही. धोतराच्या सोग्यातून घडीघडीला विरलेला एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

सुपारीवाल्याने भर बाजारात सांगितलं होतं की कचेरीतूनच कळलंय, नाकेदाराचा कागद मेला, शपथ सुटली. सगळे हाका मारताहेत. काका दुकानापर्यंत जाऊन, पायरीवरून परत फिरले होते. मला माझीच लाज वाटली. घाईघाईने म्हणालो, त्यात काय, मुंबई सरकारचा नवा स्टॅम्प घेऊ, तीच शपथ पुन्हा लिहू.

"लिहाल, भाऊसाहेब. पन साक्षीदार मयत हाय."

मी म्हटलं, साक्षीला मी सही करतो. त्यांनी मान हलवली, आणि कागदाच्या तळाशी असलेल्या निळ्या डागावर बोट ठेवलं. कागद इतक्या वेळा उघडला होता की शाई फिकी पडली होती, पण अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या.

"स्टॅम्प रद्द झाला, झाला. सरकारचा हाय, सरकार जानं. ह्यो आंगठा रद्द झाला किंवा कसे?"

आत्ता मला त्या बाकाचा अर्थ लागला. बैठक बसायची बाजार उठेपर्यंत. काकाही आमच्या ओसरीवर बाजार उठेपर्यंतच बसायचे. त्यांना अर्जाचं उत्तर नकोच होतं, तो चालू राहायला हवा होता. आम्ही सगळे 'वरून कळेल' म्हणत होतो, तेवढ्यावर हा माणूस आठवड्यामागून आठवडा तग धरून होता.

मी कपाटातून अर्ज काढला आणि खाली लिहिलं, 'स्टॅम्प रद्द. अंगठा कायम.' असं लिहिण्याचा मला काडीचा अधिकार नव्हता. तो घेऊन अव्वल कारकुनांकडे गेलो. त्यांनी वाचलं, खिडकीकडे पाहिलं, आणि काही न विचारता नवा शिक्का उचलून मारला. जेवणानंतरची वेळ होती, तरी मत बदललं नाही.

काकांनी ते वाचलं. जुना कागद शिक्का मारलेल्या अर्जाच्या पोटात घालून दोन्ही सोग्यात खोचले. बाजार अजून भरलेला होता, सुपारीच्या दुकानाकडून हसण्याचा आवाज येत होता.

"मग भाऊसाहेब," ते म्हणाले, "बसू किंवा कसे?"

मी बाकावरची धूळ झटकली. म्हटलं, "बसा."