सहाशे पानांची जर्मनी

श्रियाचं पत्र येऊन अठरा दिवस झाले होते आणि त्र्यंबकरावांचं उत्तर गेलं नव्हतं. लिहायला ते सात वेळा बसले होते आणि सातही वेळा ‘माझ्या मते’ इथपर्यंत येऊन त्यांनी कागद फाडला होता. सदतीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांची प्रूफं तपासलेल्या या माणसाला, आपल्याला स्वतःचं मत आहे याचीच खात्री नव्हती.

नात जर्मनीतल्या एका पंपांच्या कारखान्यात सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला गेली होती. फोनवर रोज “मस्त चाललंय” म्हणायची. पत्रात मात्र वेगळंच होतं.

“आजोबा, फोनवर तुमच्या मागे आई उभी असते, म्हणून पत्र. पहिल्या दिवशी मला एक खुर्ची, एक किल्ली आणि एक कुंडी दिली. कुंडीला पाणी घालते, तेवढंच काम नीट जमतं. इथे कुणी काम सांगत नाही, आपण मागायचं असतं. साडेचारला सगळे उठतात. मी एकदा थांबले तर साहेबच घाबरले, म्हणाले, काही बिघडलं का? डबा उघडला तर ‘काय आणलंस’ असं कुणी विचारत नाही. महिनाअखेरपर्यंत तिकीट बदलता येतं. राहू का परत येऊ? तुम्ही सांगाल तसं करीन. आईबाबांना कळू देऊ नका.”

सगळा घोळ त्या ‘तुम्ही सांगाल तसं’मुळे झाला. त्र्यंबकरावांनी आधी जर्मनी समजून घ्यावी म्हणून वाचनालयातून जर्मनीचा सहाशे पानांचा इतिहास आणला. मग आठव्या वेळी, निदान फाडता तरी येणार नाही म्हणून, श्रियाच्याच पत्राच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं ‘माझ्या मते’ लिहिलं, अडकले, पत्र पुस्तकात खुणेला ठेवलं आणि शांत विचार करायला आठ दिवस बाळकुमला बहिणीकडे गेले. तिथे कळलं, पुस्तक घरीच राहिलं.

डोंबिवलीला परतल्यावर चपलाही न काढता ते टेबलाकडे गेले. पुस्तक नव्हतं.

“सरोज, इथलं जाडं पुस्तक?”

“मुदत संपली होती, अण्णा. तुम्ही गेलात त्याच दिवशी देऊन आले,” सूनबाई स्वयंपाकघरातून, मागे न वळता म्हणाली.

त्र्यंबकराव तडक वाचनालयात पोचले.

“काका, त्या पुस्तकाला झालंय तरी काय?” कल्पितानं, तिथल्या ग्रंथपालबाईंनी, त्यांनाच विचारलं. “अकरा वर्षं कुणी हात लावला नव्हता. आता आठवड्यात तिघांनी नेलं. चौथ्यांदा गेलंय कालच, मी रजेवर असताना, आणि दोघांनी नंबर लावलाय.”

“सहाशे पानं? आठवड्यात तिघांनी?”

“वाचतंय कोण! सकाळी नेतात, संध्याकाळी परत. आणताना डोळे पुसत असतात.”

पलीकडे पेपर वाचत बसलेले गुरुदत्त, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, खाकरले. “त्र्यंबकराव, मी लिहिलंय हो माझं. पहिलंच.”

“काय लिहिलंत?”

“मत. पंधरा वर्षं तुम्ही पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं लिहिता, आम्ही खाली उत्तरं लिहितो. तुम्ही ‘माझ्या मते’ लिहून जागा सोडलेली. मला वाटलं, मतं मागवलीत.”

“अहो, खासगी पत्र होतं ते!”

“म्हणून तर नाव नाही घातलं. फक्त सभासद क्रमांक टाकला.”

त्र्यंबकराव कल्पिताच्या टेबलाकडे वळले. आता ही गोष्ट केदारच्या, म्हणजे श्रियाच्या बाबांच्या, कानावर जायला कितीसा वेळ? पोरीनं एकच गोष्ट मागितली होती.

“आत्ता कुणाकडे आहे?”

कल्पितानं वही पाहिली. “दोनशे सात. अय्या, काका, हे तर सरोजवहिनींचं कार्ड.”

घरी सरोजनं ओट्यावरच्या डब्यामागून पुस्तक काढलं. “पुस्तकातल्या पत्राची कुजबुज ऐकली, म्हणून काल मीच घेऊन आले. तुम्हाला तोंडावर कसं विचारायचं, कळेना.” तिनं पत्र पालथं करून पुढे केलं.

‘राहा. मला पहिलं वर्षभर कुणी चहा विचारला नाही. शेवटी मीच सगळ्यांना पाजला. स. क्र. ८८.’

‘परत ये. थंडी वाईट. स. क्र. ४१२.’

‘४१२ कल्याणपलीकडे कधी गेलेले नाहीत. डब्यात घावन चार जास्त ने आणि तूच विचार, घेणार का? स. क्र. १५३.’

सर्वांत खाली, निळ्या शाईत: ‘श्रियू, आजपासून फोनवर मागे उभी राहणार नाही. राहा किंवा ये, बाबांना मी सांभाळते. आई.’

“अण्णा, तुमचंच तेवढं राहिलंय,” सरोज म्हणाली.

त्र्यंबकरावांनी पेन्सिल उचलली, ठेवली आणि पेन घेतलं. ‘माझ्या मते’च्या पुढे लिहिलं: ‘तू राहावंस. चुकलं तर दोष माझा.’ खाडाखोड न करता तोच कागद पाकिटात घातला आणि विचार बदलायच्या आत पोस्ट गाठलं.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. “परदेशात जायचंय, लिहावं लागतं. आत काय आहे, आजोबा?”

“माझं मत,” त्र्यंबकराव म्हणाले.

बाईंनी ‘कागदपत्रे’ लिहिलं आणि शिक्का मारला.