रिहे गावातली एक माशी

रिहे गावच्या पेरूंवर फळमाशी आढळल्यामुळे गावाबाहेर पेरू नेण्यास शासनाने बंदी घातली. माशीच्या जाण्यायेण्याबाबत आदेशात काही म्हटलेले नव्हते.

गोजराबाईंची लेक पिंकी माण गावी सासरी, सातव्या महिन्यात. डोहाळे लागले ते नेमके माहेरच्या पेरूचे. गोजराबाईंचा जीव नुसता तुटत होता. फवारण्या झाल्या, गळून पडलेली फळे पुरली, झाडांना सापळे टांगले. सलग चार आठवडे सापळ्यात शून्य माशी निघाली की बंदी उठणार होती.

चौथ्या आठवड्यात निरीक्षकसाहेब शेवटच्या मोजणीला यायचे होते. आदल्या दिवशी गोजराबाईंचे यजमान जयसिंगराव रिकामा सापळा बघून ओशाळले. साहेबांनी एवढ्या लांब यायचे आणि रिकाम्या हाताने परत जायचे, हे त्यांच्या घराण्याला शोभणारे नव्हते. त्यांनी गोठ्यातली एक जाडजूड माशी धरून सापळ्यात घातली.

साहेबांनी ती मोजली.

"साहेब, ही गोठ्यातली हाय," जयसिंगराव घाबरून म्हणाले.

"तक्त्यात फक्त संख्या आहे. माशी कुठली, हे लिहायला रकाना नाही," म्हणत साहेबांनी बंदी चार आठवड्यांनी वाढवली.

गोजराबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही.

अखेर शून्य माशीचे चार आठवडे भरले. बंदी उठवण्याच्या समारंभासाठी मांडव घातला. साहेबांनी गावचा पेरू सर्वांसमक्ष खायचा आणि मगच सही करायची, असा नियम होता. झाडावर उरलेले डझनभर पेरू गोजराबाईंनी टोपलीत आणले. साहेबांनी चावा घेतला आणि त्यांचा जबडा थांबला. हातातल्या पेरूत अर्धी अळी वळवळत होती.

गोजराबाईंनीही ती पाहिली. साहेब थुंकले, तर पुन्हा चार आठवडे, आणि पिंकीला तर नववा लागलेला.

"गोड हाय न्हवं, साहेब?" त्यांनी हळूच विचारले.

साहेबांनी गिळले. "अत्यंत," ते म्हणाले आणि सही केली. टाळ्या झाल्या.

गोजराबाई टोपली घेऊन बसथांब्यापर्यंत गेल्या. पण गरोदर लेकीला ते पेरू द्यायला त्यांचा हात धजेना. परत येऊन त्यांनी टोपली नवऱ्यापुढे ठेवली.

"पुण्याला धाडा. तितं कोन आपलं खातंय?"

जयसिंगरावांनी प्रत्येक पेरूवर 'शासनप्रमाणित कीडमुक्त' असे स्टिकर लावले. बाजारात तुम्ही बाकीचे पेरू बाजूला सारून तेवढेच निवडून घेतलेत, आणि घरी आल्यावर कापून बघायचीही गरज नाही म्हणालात.