सी विंग, चारशे दोन

जंक्शनवरून निघालेल्या टॅक्सीत भूमापन खात्यातले मोजणीदार पुढच्या सीटवर बसले होते, पण तोंड मागे करून. मागे सासूबाई होत्या, मांडीवर पिशवी आणि शेजारी मोठी बॅग. येत्या चाळीस मिनिटांत या बाईंचं मन वळवायचं होतं. त्यापायी आपली मान आखडली तरी मोजणीदारांची हरकत नव्हती.

प्रकरण नोकरीवर आलं होतं. सासूबाई आपलं घर आवरून एका लेकीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. मोजणीदारांच्या बायकोची बाळंतपणाची रजा सोमवारी संपत होती. आई आली तर तिची नोकरी टिकणार, नाही तर सहा महिन्यांच्या पोरासाठी राजीनामा. तो लिहूनही झाला होता. फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली अडकवलेला होता, आणि पाण्याची बाटली काढताना मोजणीदार रोज दुसरीकडे बघत. धाकटी लेक शेजारच्या शहराच्या उपनगरात राहायची, तिचा नवरा दंतवैद्य. त्याने गेल्याच महिन्यात सासूबाईंना आठ दिवस ठेवून घेऊन आघाडी मारली होती. आज मोजणीदारांची पाळी होती.

दोन शहरं, मधे एक जंक्शन, आणि दोन्ही बाजूंना वाढत सुटलेली उपनगरं. आपलं उपनगर दुसऱ्याच्यापेक्षा किती सरस, हे एकमेकांना पटवण्यात दोघा साडूंची चार वर्षं गेली होती. "तुमच्याकडे धूळ फार," हे म्हणत. "तुमच्याकडे डास," ते म्हणत. खरं तर एकाच बिल्डरने, एकाच नकाशावरून, एकाच नावाची दोन संकुलं दोन्हीकडे उभी केली होती. घरं घेताना सासूबाईंनी अट घातली होती की दोघांनी नंबरही एकच घ्यायचा. उगाच एकीचं स्वयंपाकघर मोठं आणि दुसरीचं बोटभर लहान, अशी कुरबूर त्यांना नको होती. म्हणून इकडे सी विंग चारशे दोन आणि तिकडेही सी विंग चारशे दोन.

"हा रस्ता बघा आई, केवढा रुंद! साडूबुवांच्या तिथं दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला माघार घ्यावी लागते."

"अहो जावईबापू, मी काय म्हणते..."

"आधी हवा बघा. काच खाली करा जरा."

सासूबाईंनी काच खाली केली, नाकाला रुमाल लावला आणि काच वर केली.

"वाटलं ना मोकळं? त्यांच्याकडे नाल्यावरनं वारा येतो. आणि पाणी! आमच्याकडे चोवीस तास. नळ बंद करायचा, एवढंच काय ते काम."

"असं?" सासूबाई म्हणाल्या. "पण जावईबापू, ही टॅक्सी..."

"टॅक्सीची काळजीच सोडा. पत्ता मी स्वतः टाकलाय फोनमध्ये."

एवढं ऐकल्यावर सासूबाईंनी पिशवीतून बडीशेप काढली आणि पुढचा सगळा वेळ त्या चावत बसल्या.

संकुलाच्या फाटकातून आत शिरताना मोजणीदारांना हायसं वाटलं. बायको पोराला डॉक्टरकडे लस द्यायला घेऊन गेली होती. ती परत यायच्या आत आईंना चहा द्यायचा, बाल्कनीत बसवायचं आणि विषय काढायचा, असा बेत होता. लिफ्टमधला आरसा तडकलेला दिसला. "काल तर धड होता," ते पुटपुटले. "पोरांनी फोडला असणार." चौथ्या मजल्यावर दारापाशी चपलांचं नवं कपाट होतं. आई येणार म्हणून बायकोने परस्पर आणलं असणार. त्यांना बायकोचं कौतुक वाटलं.

किल्ली कुलपात गेली, पण फिरेना.

त्यांनी ती बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली. दार स्वतःकडे ओढलं, मग खांद्याने ढकललं. सासूबाई गुडघे चोळत बॅगेवर बसल्या.

"आमची कुलपं मजबूत, आई," मोजणीदार घाम पुसत म्हणाले. "साडूबुवांच्या तिथली नुसत्या हेअरपिनने उघडतात."

"पिन देऊ का?" सासूबाईंनी विचारलं.

आवाज ऐकून वॉचमन जिना चढून आला. "कोणाकडे आलात साहेब?"

"कोणाकडे? चार वर्षं राहतोय मी इथं!"

"इथं डॉक्टरसाहेब राहतात. मॅडम आत्ताच बाजारात गेल्या."

मोजणीदारांनी पुन्हा एकदा दार ढकललं. सकाळी आपण घर सोडलं आणि दुपारपर्यंत कुणी डॉक्टर कुलूप बदलून आत घुसला! असली प्रकरणं त्यांनी कचेरीत पाहिली होती, वर्षानुवर्षं निकाल लागत नसे. सासूबाईंच्या देखतच हे व्हायचं होतं. त्यांनी बायकोला फोन लावला आणि किल्ली हातात धरता यावी म्हणून स्पीकर चालू केला.

"अगं, आहेस कुठे? आपल्या घरात कोणीतरी शिरलंय!"

"मीच शिरलेय. आत्ताच आले, बाळ झोपलंय. हळू बोला. आईला घेऊन तुम्ही कुठे अडकलात?"

"आम्ही दारात उभे आहोत."

"कुठल्या दारात?"

"आपल्या!"

पलीकडे कडी निघाल्याचा आवाज आला. "हे बघा, मी दार उघडलंय. इथं कुणीसुद्धा नाही."

मोजणीदारांनी बंद दाराकडे पाहिलं. मग चपलांच्या कपाटाकडे. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि जेवायला घरी आलेले दंतवैद्य बाहेर पडले.

"अरे वा, साडूबुवा! आणि आई पण! न कळवता?"

संकुलाचं नाव टाकल्यावर फोनने दोन पर्याय दाखवले होते. बॅग उचलता उचलता मोजणीदारांनी वरच्या पर्यायावर बोट टेकवलं होतं. लोकांच्या हद्दी मोजून देण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती, कुणाचा बांध वीतभरही सरकू दिला नव्हता. आता त्यांना धरणीने पोटात घ्यावं असं वाटू लागलं.

"म्हटलं, आधी तुमच्याकडे डोकावून जावं," ते कसेबसे म्हणाले.

"वाटेत यांनी तुमच्या भागाचं फार कौतुक केलं हो," सासूबाई दंतवैद्यांना म्हणाल्या. "रस्ता काय, हवा काय. पाणी तर चोवीस तास!"

"आमच्याकडे?" दंतवैद्य चकित झाले, पण लगेच सावरले. "बघा! साडूबुवांनीच कबूल केलं म्हटल्यावर आता प्रश्नच मिटला. आई, बॅग आत घेऊ?"

फोन अजून चालूच होता, बायको ऐकत होती. मोजणीदारांच्या डोळ्यांपुढे फ्रीजवरचा तो कागद आला.

"आई, तुम्ही ओळखलं होतं?"

"नाल्यापाशी वळलो तेव्हाच. आठ दिवस राहून गेले होते ना! सांगत होते, पण तुम्ही बोलायचे थांबाल तर!" सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "राहू द्या बॅग. तुम्ही दोघं चार वर्षं भांडलात, पण दोन्हीकडे आहे सगळं एकच. तेव्हा ते बघून काही ठरायचं नाही. धाकटीचं काम घरबसल्या असतं, नवरा दुपारी जेवायला घरी येतो. तिचं माझ्यावाचून अडत नाही. पण ज्याला स्वतःचं घर सापडत नाही, त्याच्या घरी कुणीतरी मोठं माणूस पाहिजे."

फोनमध्ये कागद टरकन फाटल्याचा आवाज आला आणि मागोमाग बाळ जागं होऊन रडू लागलं.

"आई, लवकर ये गं," बायको म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता.

चहा दंतवैद्यांकडे झाला. नंतर दुसरी टॅक्सी आली. या खेपेला सासूबाई पुढे बसल्या, पत्ता त्यांनीच सांगितला, आणि मोजणीदार मागे बॅगेशेजारी गुपचूप बसले. जंक्शन मागे पडलं. अर्ध्या तासाने सासूबाईंनी मागे वळून विचारलं, "काय जावईबापू, हा रस्ता कसा आहे?"

मोजणीदारांनी काच खाली केली, बाहेर डोकं काढून पाटी नीट वाचली.

"आमचाच आहे," ते म्हणाले. "पण खड्डे फार आहेत हो."