नामाशेठची ओटी

पोलादपुरात नामाशेठ उभ्या माणसाला काही देत नाहीत. गणपतीची वर्गणी असो, शाळेची देणगी असो, की घरातलं आजारपण असो. आधी ओटीवर चढायचं, बाकावर बसायचं आणि नामाशेठनी स्वतः घातलेलं घावन खायचं. त्यांचं घावन तव्यावरून अख्खं उतरलेलं कुणी पाहिलेलं नाही. ताटात येतात ते त्याचे तुकडे, सोबत लसणाची चटणी, आणि समोर मांडी घालून स्वतः नामाशेठ.

"उपाशी माणसानं मागू नये," ते सांगतात. "मधी मधी भूक बोलते. खा, मंग बोल."

खाऊन झालं की ते पंच्याला हात पुसतात आणि त्यांचा ठरलेला प्रश्न टाकतात, "आता सांग. मी का द्यायचं?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नव्हतं. देवळाची मंडळी म्हणाली, पुण्य लागेल. नामाशेठ म्हणाले, "पुण्य ठेवू कुठं? माळा भरलाय." क्रिकेटवाली पोरं म्हणाली, बॅनरवर तुमचा फोटो सगळ्यात मोठा लावू. ते म्हणाले, "माझं तोंड मी रोज आरशात फुकट बघतो, आणि तेवढ्यानं बास होतं." एक उमेदवार समाजसेवेसाठी मागायला आला, त्याला त्यांनी विचारलं, "समाजाला विचारून आलास का?" आणि आणखी एक घावन वाढलं.

शेवटी सगळ्यांना एकच निरोप. "परवा ये. इचार करतो."

परवा गेलं की पुन्हा घावन, पुन्हा वाद, पुन्हा परवा. असं होता होता कधीतरी ते द्यायचे, आणि भरपूर द्यायचे. अख्ख्या तालुक्याला हे माहीत होतं. मला चीड होती ती याचीच. द्यायचंच आहे, तर माणसाला हेलपाटे कशाला?

नामाशेठ जन्माचे शेठ नव्हेत. तरुणपणी ते आणि त्यांची बायको हायवेच्या कडेला बसून हातोड्यानं खडी फोडायचे. पुढे एक ट्रक आला, मग डोंगराचा एक तुकडा, मग क्रशर. रस्ता रुंद होत गेला तसे नामाशेठही होत गेले. हायवेला लागून त्यांचं दुमजली घर आहे. वरचा मजला कुलपात असतो. त्यांची बायको, म्हणजे काकी, जाऊन बरीच वर्षं झाली. थोरला मुलगा कळंबोलीत गाड्यांचा धंदा बघतो, धाकटा परदेशात. दोघांचं आपसात पटत नाही, पण फोनवर दोघं एकच वाक्य बोलतात. "पप्पा, कुणाला काय देऊ नका."

"मी तरी कुठं देतो?" नामाशेठ त्यांना सांगतात. "मी नुसता बसवतो."

मी महाडची. आमच्या घरात फडताळाच्या फळ्यांवर अंथरायलासुद्धा चळवळीची जुनी पत्रकंच असायची. उपकार आणि हक्क यांतला फरक मी बाराखडीबरोबरच शिकले. पोलादपुरात आम्ही मुलींसाठी अभ्यासिका काढली, तिचे पत्रे वादळात उडाले, आणि ते मागायला मी पहिल्यांदा त्या ओटीवर चढले. घावनाला हात लावला नाही. म्हटलं, "शेठ, मी भीक मागायला आलेली नाही. श्रीमंतानं देणं हा त्याचा मोठेपणा नसतो, ते त्याचं कर्तव्य असतं."

नामाशेठ खूश झाले. असा नवा मुद्दा त्यांच्याकडे बऱ्याच दिवसांत आला नसावा.

"कर्तव्य हाय ना? मंग मागायला कशाला आलीस गो? पोष्टमनच्या दारात जाऊन कोण पत्र मागतं का?"

"पोस्टमन आपण होऊन घरी येतो. तुम्ही येत नाही."

"अरे वा!" ते म्हणाले. "परवा ये."

पत्रे मिळाले. त्यासाठी मला किती परवा घालवावे लागले ते सांगत नाही. माझं ठीक होतं. मी तरुण, एसटीचा पास जवळ, आणि भांडणाची हौस. पण पुढे सखूकाकीचं झालं. ती वरच्या वाडीवरची. नातवाला आयटीआयला घालायचं होतं म्हणून ती डोंगर उतरून आली. नामाशेठनी तिला खाऊ घातलं, वाडीत कोण जगलं, कोण गेलं, कुणाची म्हैस व्याली, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, परवा ये. ती परवा आली. तेव्हा त्यांनी पैसे दिले, पण गप्पांत शेवटची गाडी गेली. गुडघे धरत, थांबत थांबत ती म्हातारी डोंगर चढून गेली. दोन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

नंतर ती मला अभ्यासिकेच्या दारात भेटली. मी विचारलं, "काकी, राग नाय आला?"

"राग कसला, बाय? देणाऱ्याच्या दारात बसायचंच असतं."

ते 'असतं' मला सहन झालं नाही. मी पत्रक लिहिलं. मथळा होता: 'डोंगर सगळ्यांचा, खडी एकट्याची?' खाली लिहिलं की ज्या डोंगराची खडी होते त्याची धूळ गावाच्या भातात पडते, त्याच्या पोटातले गावाचे झरे आटतात. तेव्हा त्या पैशात गावाचा वाटा आहे. वाटा मागायचा नसतो, पोचवायचा असतो. मागायला लावणं म्हणजे माणसाचा दिवस मोडणं, आणि त्याची मानही मोडणं. शेठचं नाव घातलं नव्हतं. पण तालुक्यात मोठा क्रशर एकच. बाजाराच्या दिवशी मी ते स्टँडवर उभी राहून वाटलं.

संध्याकाळी त्यांचा ड्रायव्हर आला. शेठनी बोलावलंय.

मी भांडायच्या तयारीनं गेले. नामाशेठ चष्मा लावून पत्रक वाचत होते, बोट ओळीखाली ठेवून, मोठ्यानं. शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा वरून. मान मोडण्याच्या ओळीशी ते थांबले.

"मी आणि तुझी काकी खडी फोडायचो ना," ते म्हणाले, "तवा मुकादम आठवड्याचा पगार लगेच द्यायचा नाय. बसवून ठेवायचा. एकदा तिला चक्कर आली उन्हात."

त्यांनी चष्मा काढला.

"त्याच्यात आणि माझ्यात फरक काय, तर मी खायला घालतो. एवढाच ना?" त्यांनी पत्रकाची घडी घातली. "बरोबर हाय तुझं. इतक्या वर्षांत पयला मुद्दा असा आला की त्याला माझ्याकडं उत्तर नाय. आता कसं करायचं ते पण तूच सांग."

मी सांगितलं. क्रशरच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा दर महिन्याला बँकेत वेगळा पडेल. त्यातून कुणाला द्यायचं ते तिघांनी ठरवायचं: उपकेंद्रातल्या नर्स सुनंदाताई, शाळेचे एक निवृत्त मास्तर आणि मी. अभ्यासिकेच्या भिंतीला एक पेटी. गरज असेल त्यानं चिठ्ठी टाकायची; सुनंदाताई फिरतीवर असतातच, त्या घरी जाऊन बघून येतील आणि पैसे घरपोच जातील. कुणी कुणाच्या ओटीवर चढायचं नाही.

नामाशेठनी सगळं मान्य केलं. एकदाच विचारलं, "म्हंजे हितं कोणच येणार नाय?"

"कुणाला यावंच लागणार नाही," मी अभिमानानं म्हटलं.

योजना चालली. उत्तम चालली. मी आजही छातीवर हात ठेवून सांगते, त्या भागात मदत इतक्या सरळपणे कधीच पोचली नव्हती. मला वाटलं, एक पत्रक तरी जिंकलं.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी नामाशेठ अभ्यासिकेत आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. मुली उठून उभ्या राहिल्या, तर ते बावरले. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून त्यांनी पेटीकडे बघितलं.

"सखूच्या नातवाचं काय झालं गो?"

"पुढच्या वर्षाचे पैसे मंजूर झालेत की."

"ते नाय विचारलं." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "वीजतंत्रीला बसायचं होतं त्याला, पण शॉकची भीती वाटायची. रडला होता आजीजवळ. गेली का भीती?"

मला माहीत नव्हतं. सुनंदाताईंनाही नसणार. आमच्या चिठ्ठीत भीतीला जागा नव्हती.

"विचारून सांगते," मी म्हटलं.

"नको, राहू दे. सहज आठवलं." ते उठले. जाताना पेटीवर हात फिरवून म्हणाले, "मजबूत केलीस हां."

त्यांच्या ड्रायव्हरनं नंतर मला सांगितलं, "ताई, शेठ सकाळी पीठ कालवतात आणि दुपारी मला खायला लावतात. मी नवीन काय सांगणार त्यांना? दिवसभर त्यांच्याच गाडीत असतो मी."

मी पुष्कळ विचार केला. माझं म्हणणं बदललं नाही, आजही नाही. म्हाताऱ्या बाईनं मदतीसाठी डोंगर उतरू नये. एका माणसाचा एकटेपणा भागवायला दहा माणसांची मजुरी बुडू नये. हे सगळं पुन्हा लिहायला सांगितलं तर मी तसंच लिहीन, एक शब्द इकडेतिकडे न करता.

पण त्या रविवारी मी एसटीतून उतरले आणि त्यांच्या घरी गेले.

ओटीवर ते एकटेच होते. हायवेवरचे ट्रक बघत होते. मला बघून ताठ झाले, चष्मा शोधायला लागले.

"ये, ये. काय कमी पडलं का? वाटा वाढवायचा का?"

"नाही. काही नको."

"पत्रे? दप्तरं?"

"काही नको, शेठ. सहज आले."

नामाशेठ माझ्याकडे बघत राहिले. सहज आलेल्या माणसाचं काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक नसावं. काकी गेल्यापासून त्या ओटीवर कुणी सहज आलंच नव्हतं. त्यांनी बाक पुसला. पुसलेला बाक पुन्हा पुसला. हातांचं काय करावं ते कळेना, तसे ते गुडघ्यांवर ठेवले.

"पोरी बऱ्या हायत?"

"बऱ्या आहेत."

"पाऊस बरा झाला."

"हो."

एक ट्रक गेला. मग दुसरा.

"असं नको गो करू," अखेर ते हळूच म्हणाले. "काय तरी माग."

लोकांसाठी मी रस्त्यावर उभी राहून घसा फुटेपर्यंत मागितलं होतं. स्वतःसाठी कसं मागतात, ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.

"चहा द्याल?" मी म्हटलं.

"कोरा का दुधाचा?" ते उठलेच. "आलं हाय घरात. घालू?"

"घाला."

ते लगबगीनं पायरीपर्यंत गेले, वाकले, आणि मग आत गेले. बराच वेळ आतून भांड्यांचे आवाज येत होते. मध्येच त्यांनी ओरडून विचारलं, "साखर?" मी सांगितली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितली.

सहज माझी नजर पायरीवर गेली. माझ्या चपला तिथं नव्हत्या. पाहुण्यानं लवकर जाऊ नये म्हणून लहान मुलं लपवतात, तशा त्यांनी त्या उचलून आत नेल्या होत्या.

मी काही बोलले नाही. पाय वर घेतले आणि बाकावर नीट मांडी घालून बसले.